मॉरिस मायनरचं स्टिअरिंग : ग्रीस गन उचलण्याआधी चाक उचला

वाईहून आलेला प्रश्न थोडक्यात असा : "आजोबांची १९५९ ची मॉरिस मायनर १००० बारा वर्षं शेडमध्ये उभी होती. इंजिन सुरू झालं, ब्रेकचं काम झालं. पण स्टिअरिंग फार जड लागतं, वळण घेतल्यावर आपोआप सरळ होत नाही, आणि खड्ड्यातून जाताना डाव्या पुढच्या चाकाकडून 'टक्' असा आवाज येतो. एक मिस्त्री म्हणतात, सगळे निपल ग्रीसने भरून टाका, मोकळं होईल. दुसरे म्हणतात, ट्रनियनमध्ये ग्रीस अजिबात नको, नव्वद नंबरचं गिअर ऑइल घाला. कुणाचं ऐकू?"

आधी दोन शब्द : निपल म्हणजे ग्रीस आत ढकलायची छोटी तोटी, आणि ट्रनियन म्हणजे चाकाचा उभा खांब ज्यात फिरतो तो सांधा. आता उत्तर : ग्रीसच घालायचं. पण आज नाही. आधी चाक उचलून, हलवून, दाबून बघायचं आणि मगच ग्रीस गन हातात घ्यायची. हा क्रम उलटा झाला तर काय होतं ते मला एका मायनरने शिकवलं आहे. ते पुढे सांगतो.

ऑइल सुचवणारे मिस्त्री बहुधा जुने असणार आणि त्यांनी स्टँडर्ड हेराल्डवर हात काळे केलेले असणार. १९६१ पासून मद्रासला बनलेली ही गाडी म्हणजे मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. तिच्या पुढच्या चाकाला वर बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्याचा सांधा, असतो आणि खाली आट्यांचा ब्राँझचा ट्रनियन. त्या ट्रनियनमध्ये कंपनीनेच हायपॉइड ९०, म्हणजे हेच नव्वद नंबरचं गिअर ऑइल, सांगितलेलं होतं. तिथे ग्रीस भरलं तर ते बारीक वाटांमध्ये सुकून बसतं, आट्यांच्या मुळाशी पाणी साचतं, आतला पोलादी खांब गंजतो आणि एक दिवस आट्यातच तुटतो. म्हणजे हेराल्डपुरतं त्यांचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. मायनरची रचना मात्र ग्रीस धरूनच केलेली आहे. तिथे पातळ ऑइल घातलं तर ते दोन दिवसांत खाली गळून जमिनीवर येतं आणि आटे कोरडेच राहतात. 'ट्रनियन' हे नाव दोन्हीकडे एकच असल्यामुळे हा घोळ आपल्याकडे कित्येक वर्षं चालत आला आहे.

आता मायनरचं पुढचं चाक नेमकं कशावर फिरतं ते समजून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे. १९४८ साली बाजारात आलेली ही गाडी ॲलेक इसिगोनिस यांनी आखली तेव्हा पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा) आणि रॅक अँड पिनियन स्टिअरिंग (छोटं दातेरी चाक आडवी दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, सरकवतं ते) दिलं. त्या काळच्या छोट्या गाड्यांच्या मानाने तिचं स्टिअरिंग इतकं नेमकं होतं की आजही चांगल्या स्थितीतली मायनर चालवली की दोन बोटांत वळते. तुमची जड लागते आहे तो तिचा स्वभाव नाही, ते दुखणं आहे.

चाकाचा हब एका उभ्या खांबाला जोडलेला असतो. त्याला स्विव्हल पिन म्हणतात. आपल्याकडे सगळे किंगपिनच म्हणतात. या खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आटे आहेत आणि दोन्ही टोकं एकेका ट्रनियनमध्ये नटात बोल्ट फिरवावा तशी फिरवून बसवलेली आहेत. चाक वळलं की खांब त्या आट्यांत थोडासा फिरतो. वरचा ट्रनियन शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्याला जोडलेला आहे, कारण या गाडीत तो दांडाच वरच्या आर्मचं काम करतो. खालचा ट्रनियन टॉर्शन बारच्या खालच्या आर्मला. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट दिशेचे आहेत, म्हणून या बाजूचा भाग त्या बाजूला कधीच बसत नाही.

गाडीच्या पुढच्या भागाचं सगळं वजन टॉर्शन बारमधून खालच्या आर्मवर आणि तिथून खालच्या ट्रनियनच्या त्या थोड्याशा आट्यांवर येतं. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं तरी खांब आट्यात पाव फेरासुद्धा फिरत नाही. म्हणजे आट्यांचा तोच तोच तुकडा, त्याच बाजूवर, वर्षानुवर्षं घासला जातो. आतलं ग्रीसही हलत नाही. जिथे भार आहे तिथून ते दाबून बाहेर पडतं आणि परत आत यायला त्याला वाव नसतो. त्यात चिखल आणि पाणी शिरलं की जुनं ग्रीस आणि धूळ मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतात. आटे बारीक होत होत शेवटी खांब ट्रनियनमधून निसटतो, चाक मडगार्डखाली आडवं पडतं आणि गाडी पुढच्या कोपऱ्यावर बसते. मायनरवाल्यांच्या जगात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बहुतेक वेळा हे गाडी सावकाश वळवताना किंवा मागे घेताना होतं, कारण तेव्हा चाक पूर्ण वळलेलं असतं आणि आट्यांवर वेडावाकडा ताण येतो. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे. घाटात झालं तर काय, हा विचार करूनच कामाला हात घाला. वाईहून पाचगणीचा घाट तुमच्या दारातच आहे.

१९९६ ची गोष्ट. माझं स्वतःचं गॅरेज सुरू करून दोनच वर्षं झाली होती. सांगलीची एक मायनर पावसाळ्यानंतर सर्व्हिसिंगला आली. तक्रार तुमचीच, जड स्टिअरिंग आणि टकटक. मी चारही निपल पुसले, ग्रीस भरलं, चाचणी घेतली. स्टिअरिंग लोण्यासारखं झालं, आवाज गेला, मालक खूश. तीन आठवड्यांनी फोन आला की फाटकातून गाडी मागे घेताना डावं चाक आत दुमडलं. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. मी जाऊन उघडून पाहिलं तर खालच्या ट्रनियनचे आटे जवळजवळ गुळगुळीत झाले होते. ताज्या, घट्ट ग्रीसने झिजलेली फट भरून काढली होती, म्हणून टकटक थांबली होती. दुखणं गेलं नव्हतं, फक्त त्याचा आवाज मी बंद केला होता. त्या दिवसापासून माझ्याकडे आलेल्या एकाही जुन्या गाडीत तपासणीआधी ग्रीस गेलेलं नाही.

तेव्हा तपासणी. सपाट, कडक जमीन हवी. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. डाव्या बाजूच्या खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, म्हणजे चाकाच्या जितकं जवळ जमेल तितकं, लाकडाचा तुकडा ठेवून जॅक लावा आणि चाक जमिनीपासून दोन-तीन इंच उचला. शिवाय चासीखाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावाच. जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालायचा नाही. जॅक आर्मखालीच का? चासीखाली जॅक लावला तर चाक लोंबतं, पण टॉर्शन बार आर्मला खाली ढकलतच राहतो आणि आट्यांतला ढिलेपणा दाबून धरतो. आर्मखाली जॅक लावला की बारचा जोर जॅक घेतो, आटे मोकळे होतात आणि खरी फट हाताला कळते.

आता टायरखाली पहार घाला आणि चाक हलकेच वर उचला, सोडा, उचला, सोडा. दुसऱ्या माणसाने बॅटरी मारून खालच्या ट्रनियनवर डोळा ठेवायचा. खांब ट्रनियनमध्ये वर-खाली सरकताना डोळ्यांना दिसत असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही, ती बाजू उघडावी लागणार. दिसत नाही पण हाताला 'टिक' लागते असं असेल तर बोट ट्रनियन आणि खांबाच्या सांध्यावर टेकवून परत करा. बोटाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही.

मग चाक वरून आणि खालून धरून, एक हात बाराच्या जागी आणि एक सहाच्या, आत-बाहेर हलवा. हलतंय? लगेच किंगपिनला दोष देऊ नका. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर ढिलेपणा हबच्या बेअरिंगमध्ये आहे. ब्रेक दाबूनही हललं तर तो ट्रनियनमध्ये किंवा वर शॉक ॲब्सॉर्बरमध्ये. शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा ज्या दांडीवर फिरतो ती घासली की वरची सगळी बाजू हलते आणि माणूस उगाच ट्रनियन बदलत बसतो. आणखी एक. शॉक ॲब्सॉर्बर चासीला ज्या बोल्टांनी बसवलेला असतो ते ढिले झाले तरी खड्ड्यात तंतोतंत तुम्ही लिहिलाय तसा 'टक्' येतो. बारा वर्षं उभ्या असलेल्या गाडीत मी पहिला पाना तिथेच लावीन. पाच मिनिटांचं काम आहे.

शेवटी तीन आणि नऊच्या जागी धरून डावी-उजवीकडे हलवा. इथे जो ढिलेपणा सापडेल तो टाय रॉड एंडचा (रॅककडून चाकाकडे येणाऱ्या दांडीच्या टोकाच्या सांध्याचा) किंवा रॅकच्या आतल्या बॉल जॉइंटचा. टाय रॉड एंडवर हात ठेवून मदतनिसाला स्टिअरिंग थोडं इकडे-तिकडे करायला सांगा. टाय रॉड हलतो पण सांध्याचा गोळा थांबून मग हलतो, असं हाताला कळलं की तो सांधा गेला. टाय रॉड एंडमध्ये दुरुस्ती करू नये, नवीनच घालावा.

उजवी बाजूही अशीच बघा, आवाज डावीकडून येत असला तरी.

आता धरून चालू की आटे ठीक निघाले, फक्त कोरडे आहेत. १९५९ च्या गाडीला दोन्ही बाजूंना वरच्या आणि खालच्या ट्रनियनचा एकेक, असे चार निपल मिळतील. मूळचे टाय रॉड एंड असतील तर त्यांनाही निपल असतात. नंतर कुणी बदलले असतील तर ते बंद प्रकारचे असू शकतात आणि त्यात ग्रीस भरायची सोयच नसते. तारेच्या ब्रशने आणि रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने प्रत्येक निपल चकचकीत होईपर्यंत पुसा. निपलच्या तोंडावरची माती पुसली नाही तर ग्रीस गन तीच माती आट्यांत ढकलते. हे वाक्य मी आमच्या पोरांना रोज ऐकवतो.

ग्रीस कोणतं? चांगल्या कंपनीचं लिथियम बेसचं, एनएलजीआय २ नंबरचं (हा नंबर ग्रीसच्या घट्टपणाचा). आपल्याकडे दुकानात 'एपी थ्री' म्हणून मिळतं ते जरा घट्ट असतं. बेअरिंगला उत्तम, पण आट्यांच्या बारीक फटीत २ नंबर जास्त चांगलं शिरतं. मॉलिब्डेनम घातलेलं काळं ग्रीस मिळालं तर या जागी मला ते अधिक पसंत आहे, कारण इथे वेग नाही, नुसता भार आहे. वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकमेकांत मिसळू नका. काहींची एकमेकांशी गाठ पडली की दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. म्हणूनच आधीचं सगळं बाहेर काढायचं.

चाकावरचा भार उतरलेलाच ठेवा. हाताने चालणारी ग्रीस गन वापरा. कॉम्प्रेसरवरची गन नको, तिच्या दाबाने रबरं फाटतात आणि ग्रीस कुठे जातंय तेही कळत नाही. दोन-तीन दाब द्या, मग चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवा, परत दोन-तीन दाब, परत वळवा. घाई करू नका. आट्यांच्या कडेने आधी काळं, मग तपकिरी आणि शेवटी नवीन ग्रीसच्या रंगाचं बाहेर येईपर्यंत चालू ठेवायचं. बाहेर आलेलं पहिलं ग्रीस फेकू नका. बोटावर घेऊन उन्हात बघा. नुसतं काळं असेल तर म्हातारं झालंय एवढंच. तांबूस पाणी मिसळलेलं असेल तर आत गंज आहे आणि ट्रनियनची सीलं गेली आहेत. चमचमणारे बारीक कण दिसले तर आटे झिजतायत. वर-खाली हलवून काही सापडलं नसलं तरी ती बाजू उघडून बघा.

ग्रीस आतच जात नाही, असं तुमच्या गाडीत नक्की कुठेतरी होणार. बारा वर्षांत ते साबणासारखं घट्ट झालेलं असतं. निपल काढा, वेगळा स्वच्छ करा, आतली गोळी दाबली जाते का बघा. निपलखालचं भोक बारीक तारेने मोकळं करा, त्यात थोडं डिझेल सोडा, चाक दहा-वीस वेळा वळवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी बहुतेक वेळा वाट मोकळी होते. तरी नाही झाली तर तो ट्रनियन काढूनच धुवावा लागेल. ज्योत लावून गरम करायच्या फंदात मात्र पडू नका, शेजारी रबराचे बुश आणि ब्रेकची नळी आहे. निपल बदलायची वेळ आली तर जुना बरोबर नेऊन आटे जुळवून घ्या. ही इंचातल्या मापांची गाडी आहे. मिलिमीटरमधला निपल दोन फेरे जातो, मग अडतो आणि ट्रनियनमधले आटे खाऊन टाकतो.

टाय रॉड एंडला निपल असेल तर तिथे हात आखडता ठेवा. रबर बूट फुगायला लागला की थांबायचं. फाटलेला बूट म्हणजे पुढच्या पावसाळ्यात गेलेला सांधा. वरच्या ट्रनियनचे आणि टाय बारचे (खालच्या आर्मला धरून ठेवणाऱ्या दांडीचे) रबर बुश मात्र कोरडेच हवेत. आवाज येतो म्हणून त्यांवर ग्रीस किंवा ऑइल चोपडलं की काही महिन्यांत रबर फुगून मऊ होतं.

आणि रॅक. नव्वद नंबरच्या ऑइलची खरी जागा ही आहे. रॅकमध्ये ग्रीस भरलं तर पहिल्या काही दिवसांत दातांनी ते दोन्ही टोकांना सारलं जातं आणि तिथेच बसून राहतं, मधले दात कोरडे. ऑइल परत मधे वाहून येतं. रॅकच्या निपलमधून ऑइल गनने जास्तीत जास्त दहा दाब, त्यापेक्षा नाही, नाहीतर दोन्ही टोकांचे रबरी भाते फुटतात. त्याआधी भाते दाबून बघा. तुमच्या गाडीचे बारा वर्षांत कडक होऊन तडकलेले असण्याचीच शक्यता जास्त, आणि मग आतलं ऑइल कधीच गळून गेलेलं असणार. मला विचाराल तर तुमच्या जड स्टिअरिंगचं अर्धं कारण तिथेच आहे. राहिलेलं अर्धं टायरमध्ये असू शकतं. मूळच्या क्रॉसप्लाय (जुन्या पद्धतीच्या, रेडियल नसलेल्या) टायरना पुढे २२ पीएसआय हवा सांगितलेली होती, आणि उभ्या गाडीत कुणी हवा बघत नाही. उगाच रुंद टायर चढवले असतील तर कितीही ग्रीस घाला, वळवताना दंड दुखणारच.

ट्रनियन बदलावाच लागला तर? मायनरचे हे भाग आजही इंग्लंडमध्ये नवे बनतात आणि मागवता येतात. खांब आणि ट्रनियन जोडीनेच घ्या. झिजलेल्या खांबावर नवा ट्रनियन चढवणं म्हणजे पैसे पाण्यात. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काहीही करून देणारे हात आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण चाक ज्यावर लटकतं ते आटे अंदाजाने पाडलेले नकोत. बुश करून घ्या, पिना करून घ्या. हे मात्र योग्य मापाचं आणि योग्य पोलादाचंच घाला. बसवताना ट्रनियन आट्यावर शेवटपर्यंत फिरवून तसाच ठेवू नका. चाक दोन्हीकडे पूर्ण वळेपर्यंत कुठेही आवळत नाही ना, ते बघून मग बाकीचं जोडा. शेवटपर्यंत आवळलेला ट्रनियन एका बाजूच्या पूर्ण वळणावर अडतो आणि मग खांबालाच पीळ बसतो. टाय रॉड एंड काढताना त्याला जागी धरणारा चेकनट ढिला करण्याआधी खडूने खूण करा आणि किती फेऱ्यांत निघाला ते मोजून लिहा. नवा तितकेच फेरे चढवला की गाडी निदान अलाइनमेंटपर्यंत सरळ जाईल. गोळ्याचा निमुळता दांडा अडला तर आट्याच्या टोकावर हातोडी मारू नका. ज्या आर्ममध्ये तो बसलाय त्या डोळ्याला दोन बाजूंनी दोन हातोड्यांनी एकाच वेळी ठोका दिला की सुटतो. नवा बसवल्यावर स्प्लिट पिनही नवीच घाला.

चाकांचा टो-इन ३/३२ इंच, म्हणजे साधारण २.४ मिलिमीटर, पुढच्या बाजूला आत. अलाइनमेंटवाल्याच्या यादीत ही गाडी नसणार, तेव्हा हा आकडा कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. अलाइनमेंट सगळे सांधे ठीक झाल्यावरच करायची. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट गेटबाहेर पडताच बदलते.

पहिली फेरी गावातल्या सपाट रस्त्यावर घ्या, घाटात नको. पन्नास किलोमीटरनंतर सगळे नट परत तपासा आणि चारही ट्रनियनना परत दोन-दोन दाब द्या, कारण आत राहिलेलं जुनं ग्रीस तेव्हा सुटून येतं. त्या काळच्या कंपनीच्या पुस्तकात या निपलांसाठी दर १००० मैलांचा नेम होता, पुढच्या वर्षांत तो ३००० मैल झाला. तुमची गाडी वर्षाला तेवढी धावणारही नाही, म्हणून मैल मोजू नका, महिने मोजा. मेअखेरीस एकदा, पावसाळा संपला की दसऱ्याच्या आसपास एकदा, आणि गाडी पाण्यातून गेली तर त्याच आठवड्यात. प्रत्येक वेळी आधी पहार, मग ग्रीस गन. तपासणीत डाव्या खालच्या ट्रनियनमध्ये काय सापडलं ते कळवा, आणि बोटावरच्या ग्रीसचा उन्हात काढलेला फोटोही पाठवा. त्यावरून ती बाजू उघडायची की नाही ते सांगतो. तोवर गाडी शेडमध्येच राहू द्या.